कुमारांचे मन आणि पुस्तके

नगर शहर मागे टाकून पुण्याच्या रस्त्याला लागले, म्हणजे थोड्याच वेळात केडगाव लागते. केडगाव म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन उभे राहते. पण ते केडगाव दौंडकडचे. हे केडगाव रेणुकामातेचे. नवरात्रात येथल्या देवीच्या दर्शनाला सारे नगर लोटते. एके काळी हे निराळे खेडे होते. आता ते नगरच्या महापालिकेत सामावले आहे आणि नगर जिल्ह्यालाही २०२४ साली अहिल्यानगर हे नाव मिळाले आहे. शेतांच्या जागी घरांच्या ओळी उभ्या राहिल्या. कोणी नोकरीसाठी, कोणी मुलांच्या शिक्षणासाठी गाव सोडून येथे बिऱ्हाड केले. गाव असे वाढू लागले की शाळा वाढतात, दुकाने वाढतात, रहदारी वाढते, आणि या वाढीची मोजदादही होते. मुलांच्या मनात त्याच वेळी काय उलथापालथ होते, तिची मोजदाद मात्र कोणी ठेवीत नाही.

जुन्या गावात मूल रुसले तर त्याची समजूत घालावयास आजी होती, आत्या होती, शेजारची काकू होती. भांडण झाले तर ते ओट्यावर होई आणि ओट्यावरच मिटे. नव्या वस्तीत भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या दोन घरांची ओळख नसते. जुन्या गावात सारेच गोड होते असे मात्र कोणी समजू नये. वेशीबाहेरच्या वस्तीला विचारले असता त्या गोडव्याची दुसरी बाजू कळून येईल, आणि तिच्याकडे पुढे वळावयाचेच आहे. येथे सांगावयाचे ते इतकेच की, स्वतःचे मन ओळखणे आणि दुसऱ्याचे मन राखणे हे शिक्षण पूर्वी बरेवाईट जसे मिळे तसे माणसांच्या गर्दीतून मिळत असे. ती गर्दी आता राहिली नाही. तिची जागा पुस्तकाने किती भरून काढावी, हा प्रश्न आहे.

आज बारा-चौदा वर्षांच्या मुलाला "काय झाले?" म्हणून विचारावे, तर "काही नाही" असे उत्तर मिळते, फार झाले तर "टेन्शन आले" किंवा "बोअर झाले". मनाच्या साऱ्या हवामानाला दोनच शब्द! मराठी भाषा तर या बाबतीत मोठी श्रीमंत आहे. मूल हिरमुसते ते निराळे, आणि रुसते ते निराळे. रुसणाऱ्याला कोणीतरी समजूत काढील अशी आशा असते, हिरमुसलेल्याला ती नसते. चूक उघडकीस आली म्हणजे माणूस खजील होतो. दुसऱ्याने मोठेपणाने ती पोटात घातली म्हणजे ओशाळतो. उपकाराच्या ओझ्याने मिंधे होणे, चार लोकांत कानकोंडे होणे, निकालाच्या आदल्या रात्रीची धास्ती, मैत्रीण गाव सोडून गेल्यावरची हुरहुर, बोलावयाचे राहून गेल्याची चुटपुट, काही करता येत नाही म्हणून आतल्या आत चरफडणे, यांतला प्रत्येक शब्द म्हणजे कोणीतरी पूर्वी अनुभवलेल्या आणि नीट न्याहाळलेल्या मनःस्थितीचे नाव आहे. ज्या मुलाजवळ हेवा आणि मत्सर यांना दोन शब्द आहेत, त्याला "मला त्याच्यासारखे व्हावेसे वाटते" आणि "त्याचे वाईट व्हावेसे वाटते" यांतले अंतर स्वतःच्या ठिकाणी ओळखता येते. ज्याच्याजवळ ते शब्द नाहीत, तो हात उगारतो किंवा दार लावून बसतो. हे शब्द कोशातून पाठ करून येत नाहीत. गोष्टीतला कोणी ओशाळला, आणि वाचता वाचता आपलेही कान तापले, म्हणजे तो शब्द आपला होतो.

पाश्चात्य विद्वानांनी या शिक्षणाला अलीकडे शास्त्राचे रूप दिले आहे. डॅनियल गोलमन यांचे भावनिक बुद्धिमत्तेवरील पुस्तक १९९५ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत याच विषयासाठी एक संस्था निघाली होती. तिने स्वतःची ओळख, स्वतःवर ताबा, दुसऱ्याची जाण, नाती सांभाळणे आणि जबाबदारीने निर्णय घेणे अशी पाच अंगे सांगितली. भारताच्या २०२० च्या शैक्षणिक धोरणातही हा विचार आला आहे. तो योग्यच आहे. तथापि यादी हाती आली की शाळेत तिचा तास होतो, तासाची वही होते, वहीला गुण मिळतात. आणि "दुसऱ्याची जाण" या अंगात दहापैकी नऊ मिळविणारा मुलगा मधल्या सुट्टीत एखाद्या तोतऱ्या मुलाची नक्कल करीत उभा असतो.

कीर्तनकार याबाबतीत अधिक शहाणे म्हणावयाचे. पूर्वरंगात ते निरूपण करतात, उत्तररंगात आख्यान लावतात. घरी जाताना श्रोत्यांच्या बरोबर जाते ते आख्यान. देवळाच्या मंडपात शेकडो माणसे एकाच वेळी हसतात, एकाच वेळी डोळे पुसतात, आणि आपल्या शेजारी बसलेल्याचेही काळीज आपल्यासारखेच हलते हे मुलाला कोणी न सांगता दिसते.

मराठीतील छापील बालवाङ्मयाने मात्र आरंभी निराळी वाट धरली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचा 'बाळमित्र' आणि त्यांची 'इसपनीतिकथा' ही दोन्ही १८२८ सालची. पहिले पुस्तक मुळात बेर्कां या फ्रेंच लेखकाचे, इंग्रजीवाटे आलेले. दुसरे ग्रीकांचे, तेही तसेच. ही पुस्तके मोलाची खरीच, कारण मुलांसाठी म्हणून काही लिहावयाचे असते हेच मुळी तेव्हा नवे होते. परंतु त्यांच्याबरोबर तात्पर्याची चाल आली, आणि ती शाळाशाळांतून अशी रुजली की आजही गोष्ट संपते न संपते तोच "यावरून काय बोध घ्यावा?" हा प्रश्न मुलावर येऊन आदळतो. मूल हुशार असते. गुरुजींना कोणते उत्तर हवे आहे ते त्याला ठाऊक असते. ते देऊन ते मोकळे होते, आणि गोष्टीने मनात जे काही हलविले असेल ते तेथेच विरून जाते. लबाड कोल्ह्याची गोष्ट ऐकून मुलाला कोल्हाच आवडला असेल, तर ते त्याने कोणाजवळ बोलावे?

साने गुरुजींच्या 'श्यामची आई' या पुस्तकाचे खरे थोरपण येथे आहे. ते १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले. बेचाळीस रात्रींपैकी बहुतेक भाग अवघ्या पाच दिवसांत कागदावर उतरला. पुस्तक १९३५ साली निघाले, आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्याचा चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. हे सारे सर्वश्रुत आहे. पण त्या पुस्तकाची रचना फारशी ध्यानात घेतली जात नाही. रात्रीची प्रार्थना झाल्यावर आश्रमातील मित्र गोळा होतात आणि श्याम त्यांना आपल्या लहानपणचे प्रसंग सांगतो. सांगणारा मोठा झालेला आहे, पण तो लहानपणच्या श्यामची बाजू घेत नाही. पोहण्याच्या भीतीने तो लपून बसला, पुस्तकासाठी त्याने चोरी केली, आईला उलट बोलला, हे तो मित्रांपुढे उघड करतो. मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकात नायकच चुकतो आणि ते कबूल करताना त्याला कोणी हसत नाही, ही गोष्ट तेव्हा नवी होती. वाचणाऱ्या मुलाला तेथे प्रथमच असा कोणीतरी भेटतो, की ज्याच्याजवळ आपलाही गुन्हा सांगता येईल.

'अळणी भाजी' हा प्रसंग पाहावा. कामाच्या गर्दीत आई भाजीत मीठ घालावयास विसरते. वडील काही न बोलता ती जेवतात, उलट बरी म्हणतात. मुलेही त्यांच्याकडे पाहून गप्प राहतात. आई शेवटी पानावर बसते तेव्हा तिला कळते, आणि ती कष्टी होते. एवढीच घटना. तिच्यात शिक्षा नाही, चमत्कार नाही. कष्ट करून दमलेल्या माणसाला त्याची चूक त्या क्षणी दाखवावी की गिळावी, आणि दुसऱ्याने ती गिळली हे कळल्यावर आपल्याला कसे वाटते, असे नाजूक प्रश्न त्या एका पानात आहेत. केडगावच्या कोणत्याही घरात रात्री जेवणाच्या वेळी हे नाटक रोज होते. फरक इतकाच की बहुधा ताट सरकविले जाते.

'बंधुप्रेमाची शिकवण' मध्ये परगावी शिकणारा श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून आणतो. 'मुकी फुले' मध्ये कळ्या खुडण्याची घाई आहे. लहान मुलास हे प्रसंग सहज कळतात. मात्र या पुस्तकाविषयी एक शंका बोलून दाखविणे भाग आहे. त्यात अश्रू फार आहेत. आई सोसते, आणखी सोसते, आणि शेवटी जाते. दारिद्र्य आणि कर्ज यांनी पिचलेल्या त्या घराचे वर्णन खरे असले, तरी आईने सोसलेले प्रत्येक दुःख हे आपल्या माथ्यावरचे ऋण आहे अशी समजूत एखाद्या हळव्या मुलाची होऊ शकते. आणि मुलींनी काय समजावे? सोसणे हेच बाईचे थोरपण, असे? गुरुजींचा तसा हेतू नव्हता. पण पुस्तक वाचणारे मूल लेखकाच्या हेतूला बांधलेले नसते. म्हणूनच त्याच्या शेजारी दुसरी पुस्तके हवीत.

नगर जिल्ह्याच्या सुदैवाने ती दूर शोधावयास नकोत. लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत निघाली. रेव्हरंड ना. वा. टिळकांबरोबर त्या नगरला आणि राहुरीला राहिल्या होत्या. ही बाई आपल्या दुःखाकडेही खट्याळपणे पाहते. वडिलांच्या सोवळ्याने सारे घर कसे हैराण झाले होते, संतापी पतीशी कशी भांडणे झाली, आपण कुठे कुठे फजीत पावलो, हे ती अशा थाटात सांगते की वाचणारा हसता हसता गंभीर होतो. राग येतो, बोलाचाली होते, आणि तरीही नाते तुटत नाही, हे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींना शिकविणारे याहून चांगले पुस्तक मराठीत विरळाच.

आता वेशीबाहेरच्या वस्तीकडे वळावयाचे. 'श्यामची आई' मध्ये 'देवाला सारी प्रिय' नावाची रात्र आहे. रस्त्यात एका महार म्हातारीची मोळी पडली आहे, कोणी उचलून देत नाही. आई श्यामला ती तिच्या डोक्यावर द्यावयास सांगते, आणि मग घरी येऊन स्नान कर असेही सांगते. श्यामच्या बालपणीच्या कोकणात पहिली गोष्टही धैर्याची होती. आजच्या मुलाला दुसरी गोष्ट खटकते, आणि खटकलीच पाहिजे. साने गुरुजी स्वतः तेथे थांबले नाहीत. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात त्यांनी प्राणपणाने उपोषण केले. लक्ष्मीबाईंचा प्रवास आणखी निराळा. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा त्या झाल्या नाहीत. पुढे पतीकडे परतल्यावरही त्यांचे सोवळे निराळे, पाणी निराळे. ती गाठ कोणी हिसका देऊन तोडली नाही. विचार करीत करीत, स्वतःवर हसत हसत, त्यांनीच ती सोडली. माणसाचे मन बदलते म्हणजे काय होते, त्याला किती वेळ लागतो, मध्ये किती मागेपुढे होते, हे तेथे दिसते.

आणि मोळी डोक्यावर घेणाऱ्याच्या बाजूने? अकोले तालुक्यातील धामणगावचे दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली आले. गावचा महारवाडा आणि मुंबईचा कावाखाना यांत वाढलेला दगडू हा आपली हकीकत सांगतो, आणि ऐकणारा त्याचेच शिकलेले दुसरे रूप आहे. या पुस्तकात लाज हा शब्द कसा वाकतो ते पाहावे. ज्याने काही चूक केली नाही त्याला लाजावयास लावले गेले, आणि पुढे शिकल्यावर त्याला स्वतःच्या माणसांचीच लाज वाटू लागली. मग त्या लाजेचीही लाज. सारे पुस्तक लहानांच्या हाती द्यावयाचे नाही. सोळा-सतरा वर्षांच्या कुमारांसाठी जाणत्या शिक्षकाने त्यातले बालपणाचे भाग निवडावेत. श्याम, लक्ष्मीबाई आणि दगडू यांनी एकाच भिंतीकडे तीन ठिकाणांहून पाहिले आहे. तिन्ही वाचल्याशिवाय ती भिंत किती जाड होती हे कळत नाही.

होती असे म्हणण्याची घाईही करू नये. याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातील खर्डा येथे, २०१४ च्या एप्रिलमध्ये सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. पुस्तकाने खून टळतात असा भाबडा दावा कोणी करणार नाही. त्यासाठी कायदा आहे, पोलीस आहेत, न्यायालये आहेत, आणि त्यांनी आपले काम करावयास हवे. पण एकाच वर्गात बसणारी मुले एकमेकांच्या घरातले जेवण, सण, दुःख यांविषयी काहीही न जाणता दहा वर्षे काढतात, ही उणीव शाळेची आहे, घराची आहे, आणि ती काही अंशी पुस्तकाने भरून निघते.

परक्या घरी शिकावयास राहिलेल्या मुलांसाठी प्रकाश नारायण संत यांचे 'वनवास' (१९९४) आहे. त्यातील लंपन आईबापांपासून दूर, आजीआजोबांकडे राहतो. केडगावात मामा-काकांकडे राहून शाळेत जाणाऱ्या मुलाला ते नाव वाचताच आपली रात्रीची हुरहुर आठवेल. त्या पुस्तकात कोणी उपदेश करीत नाही. आजी जेवावयास वाढते आणि लंपन विचार करीत राहतो. जपानच्या तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' हे चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादाने मराठीत आले आहे. त्यातले मुख्याध्यापक कोबायाशी शाळेतून काढून टाकलेल्या एका लहान मुलीचे बोलणे पहिल्याच दिवशी चार तास ऐकून घेतात. हे पुस्तक मुलांनी वाचावे असे म्हणतात. वस्तुतः ते आधी शिक्षकांनी आणि पालकांनी वाचावे.

वाचनाच्या रीतीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. पुस्तक वाढदिवसाला देऊन कपाटात ठेवले की कर्तव्य संपले, असे पुष्कळ घरांत समजतात. श्यामने गोष्टी सांगितल्या त्या मित्रांच्या घोळक्यात, दिवसाची कामे आटोपल्यावर. तीच रीत घरी चालवावी. आठवड्यातून एक रात्र पुरे. मोठ्याने एकाने वाचावे, पाळी बदलावी, वडिलांनीही वाचावे. बापाचा आवाज एखाद्या ओळीवर अडखळलेला मुलाने ऐकला, तर तो पुढे पन्नास वर्षे त्याच्या कानात राहील. वाचून झाल्यावर बोध विचारू नये. विचारावयाचेच असेल तर "तुला यातले कोण आवडले नाही?" असे विचारावे. या प्रश्नाला मुले खरे उत्तर देतात, कारण त्याचे उत्तर धड्याखाली छापलेले नसते. मूल काहीच बोलले नाही तर दिवा मालवून झोपावे. चार दिवसांनी, भलत्याच वेळी, भाजी निवडताना किंवा गाडीवर मागे बसलेले असताना, ते आपण होऊन बोलते.

शाळेतील ग्रंथपेटीला कुलूप नसावे. फाटलेले पुस्तक हे वाचलेले पुस्तक असते, याचा हिशेब तपासनिसांनीही समजून घ्यावा. साने गुरुजींच्या निधनाला साठ वर्षे होऊन गेल्यामुळे २०११ पासून त्यांच्या पुस्तकांवर कोणाचा हक्क राहिलेला नाही, आणि 'श्यामची आई' च्या स्वस्त आवृत्त्या मिळतात. तेव्हा पैशाची अडचण पहिल्या पुस्तकाला तरी येऊ नये.

आरंभ 'अळणी भाजी' ने करावा. एका बैठकीत ते वाचून होते. त्यानंतर कोटाची गोष्ट घ्यावी. चोरीची गोष्ट तिसऱ्या-चौथ्या बैठकीला, घरातील मंडळी एकमेकांपुढे बोलावयास थोडी सरावली म्हणजे. आईच्या शेवटच्या आजाराच्या रात्री मात्र घाईने घेऊ नयेत. आणि ज्या घरात नुकतेच कोणी गेले असेल, तेथे ते पुस्तक मुलाच्या हाताला लागेल अशा जागी नुसते ठेवून द्यावे, उघडावयाचे केव्हा ते त्याने ठरवावे.